माग थांबले तेव्हा दयाळ बोलला

एखादे गाव देवळावरून ओळखले जाते, एखादे किल्ल्यावरून, एखादे नुसते पेढ्यांवरून. आमची भिवंडी ओळखली जाते आवाजावरून. कल्याणहून किंवा ठाण्याहून येणारा पाहुणा गाडीत डोळे मिटून बसला असला, तरी गाव आल्याचे त्याला सांगावे लागत नाही. गल्लीबोळांतून यंत्रमागांचा खडखडाट कानांवर पडू लागला की समजावे, भिवंडी आली. लाखांच्या हिशेबाने मोजावेत इतके माग या गावात नि आसपास आहेत, आणि ते दिवसपाळी-रातपाळीने चालतात. धोटा इकडून तिकडे फेकला जातो, फणी आपटते, आणि हा खेळ मिनिटाला शंभराहून अधिक वेळा होतो. शेडमध्ये उभ्या असलेल्या माणसाला शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. म्हणून कामगार हातवाऱ्यांनी बोलतात, आणि घरी आल्यावरही जरा चढ्या सुरातच बोलतात.

मी या गावात मराठी शिकवते. माझाही आवाज गावाने चढवून ठेवला आहे. माहेरी पुण्याला गेले की भाऊ म्हणतो, “ताई, हळू बोल; आम्ही काही मागावर बसलेलो नाही!” त्याला काय ठाऊक, की या सवयीला शास्त्रात नाव आहे! एत्येन लोम्बार नावाच्या फ्रेंच वैद्याने १९११ साली दाखवून दिले, की भोवती गोंगाट असला म्हणजे माणूस नकळत आवाज चढवतो. आणि मौज अशी, की ही खोड एकट्या माणसाची नाही. पाखरेही तेच करतात.

पाखरांची ही गोष्ट आम्हां भिवंडीकरांना कशी कळावी? ती कळायला गावाचे तोंड बंद व्हावे लागते; आणि भिवंडीचे तोंड सहसा बंद होत नाही. ते २०२० साली झाले. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. माग थांबले, गोदामांकडे धावणारे ट्रक थांबले, मुंबई-आग्रा रस्ता ओस पडला.

शांततेची जाग

पहिल्या रात्री आमच्या सासूबाई दोनदा उठून बसल्या. वयाची ऐंशी ओलांडलेली; लग्न होऊन या गावात आल्यापासून मागांच्या आवाजावर झोपण्याची सवय. मला म्हणाल्या, “अगं, काय बंद पडलंय बघ जरा. झोपच लागत नाही मेली.” गिरणी थांबली की गिरणीवाल्याला जाग येते म्हणतात, तसेच हे. पंखा चालू होता, दिवे चालू होते. बंद पडला होता तो एवढा थोरला गाव.

आमचे घर जुन्या वस्तीतले. मागच्या बाजूस चार पावलांचे परसू : एक शेवगा, एक पेरू, कढीलिंबाचे झाड, जास्वंदी, भिंतीतून आपोआप उगवलेला उंबर आणि तुळस. एवढ्या जागेला बाग म्हणणे धाडसाचेच. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहाटे तेथून जी शीळ ऐकू आली, ती ऐकून मी चहाचे आधण तसेच ठेवून दाराशी आले. शेजारच्या बंद कारखान्याच्या पत्र्यावर, अगदी कडेला, काळा-पांढरा पक्षी शेपूट उभारून बसला होता. दयाळ! नर काळा-पांढरा, मादी राखाडी. हा पक्षी आमच्याकडे पूर्वीही होता. उष्ट्या भांड्यांभोवतालचे किडे टिपताना मी त्याला कैक वेळा पाहिले होते. पण तो बांगलादेशाचा राष्ट्रीय पक्षी आहे नि त्याच्या गळ्यात असले गाणे आहे, हे पुस्तकात वाचले होते, ऐकले नव्हते. एक तान घ्यावी, थांबावे, मग तीच थोडी बदलून घ्यावी, असा त्याचा रियाज अर्धा तास चालला.

मग मी वहीच केली. परीक्षा लांबल्या होत्या, कॉलेज बंद होते, हाताशी वेळ होता. उंबरावर तांबट बसे. त्याचे ‘टुक्‌ टुक्‌’ तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्यासारखे. गंमत म्हणजे त्याचा ठेकाही मिनिटाला शंभराच्या घरातला, म्हणजे जवळजवळ मागाचाच! एरवी मागाच्या ठेक्यात तो बुडून जात असला पाहिजे. दुपारी तीनच्या उन्हात भारद्वाजाचा तो खोल, घुमणारा हुंकार. बुलबुलांची जोडी कपडे वाळत घालायच्या तारेवर येऊन बसे, ती मी दोन हातांवर असले तरी उडत नसे. मुंगूस भर दुपारी बोळातून मधोमध चालत गेले. जणू त्याने घरपट्टी भरली होती. वऱ्हाळा देवी तलावाकडे राहणाऱ्या एका विद्यार्थिनीने फोनवर सांगितले, की पाणकोंबडी पिलांना घेऊन रस्ता ओलांडते आणि कोणी हॉर्न वाजवत नाही.

या साऱ्यांत माझे मन जडले ते शिंप्यावर. अंगठ्याएवढा पक्षी, पाठ हिरवट, माथा तांबूस. चोचीने पानाच्या कडांना भोके पाडतो, कोळ्याचे जाळे, कापूस, धागा जे मिळेल ते ओवून पाने शिवतो आणि त्या पिशवीत घरटे करतो. आमच्या जास्वंदीत त्याने शिवलेल्या दोन पानांना जो टाका होता, तो पांढऱ्या सुताचा होता. गावातले सारे माग बंद, आणि सुताचे काम करणारा एवढा एकच कारागीर कामावर हजर!

पाखरे वाढली की कान उघडले?

त्या दिवसांत घराघरांतून एकच वाक्य ऐकू येई : “पक्षी किती वाढलेत, नाही?” फोनवर चित्रांचा पूर आला होता. व्हेनिसच्या कालव्यात डॉल्फिन पोहत असल्याची चित्रफीत आमच्या नातेवाइकांच्या गटात चार वेळा फिरली. ती व्हेनिसची नव्हतीच, सार्डिनिया बेटावरच्या एका बंदरातली होती. तेव्हा या प्रश्नाकडे थोडे सावधपणे पाहणे बरे.

पहिली गोष्ट म्हणजे ऋतू. टाळेबंदी लागली मार्चअखेर. दयाळाचा विणीचा काळ साधारण मार्च ते जुलै. कोकीळही याच दिवसांत घसा साफ करतो. म्हणजे महामारी नसती, तरी चैत्र-वैशाखात हे गायन व्हायचेच होते. दुसरी गोष्ट आमच्या कानांची. आवाज तोच असला, तरी भोवतालचा कल्लोळ ओसरला की तो दूरवरून ऐकू येतो. स्पेनच्या कॅटलोनिया भागातील पक्षिनिरीक्षकांनी त्या वसंतात घरांतूनच नोंदी केल्या. त्यांची मागील वर्षांशी तुलना केल्यावर दिसले, की शहरात पक्षी जास्त ठिकाणी पसरले असे झाले नव्हते. पण पहाटेच्या वेळी ते पूर्वीपेक्षा अधिक आढळत होते. म्हणजे पाखरे नवी आली नव्हती. होती तीच आपल्या जुन्या वेळेवर, मोकळेपणाने वागू लागली होती.

मग पाखरांत काहीच बदल झाला नाही काय? झाला, आणि तो फार सूक्ष्म आहे. हॉलंडमधील लायडन शहरातल्या दोन संशोधकांनी २००३ साली दाखवले होते, की गोंगाटाच्या वस्तीतले पक्षी वरच्या पट्टीत गातात; कारण रहदारीची घरघर खालच्या पट्टीतली असते, तीत खालचे सूर बुडून जातात. इंग्लंडमध्ये शेफील्ड येथे २००७ साली आढळले, की जेथे दिवसा फार गोंगाट असतो तेथे रॉबिन पक्षी रात्री गातो. बिचारा रातपाळी करतो म्हणा ना! २०२० साली याची उलटी परीक्षा आपोआप झाली. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात डोक्यावर पांढरे पट्टे असलेली एक चिमणी आहे. तिच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण संशोधकांपाशी आधीपासून होते. टाळेबंदीत तेथला गोन्डोला-मोटारींचा नव्हे, रस्त्यावरच्या मोटारींचा ओघ इतका आटला, की गोल्डन गेट पुलावरून १९५४ च्या सुमारास जात तेवढ्याच गाड्या जाऊ लागल्या. तेव्हा त्या चिमण्या हळू आवाजात गाऊ लागल्या, आणि तरीही त्यांचे गाणे पूर्वीच्या दुप्पट अंतरावर पोचू लागले. खालचे जे सूर त्यांनी टाकून दिले होते, तेही गाण्यात परत आले. ज्या चिमण्यांनी जन्मात शांत शहर पाहिले नव्हते, त्यांना ते सूर गाता आले, ही त्यातली नवलाची गोष्ट.

मी हे वाचले तेव्हा मला वर्गातली मुले आठवली. गोंगाटात वाढलेले मूल हळू बोलू शकत नाही असे आपण म्हणतो. त्याला हळू बोलायला जागा मिळालेली नसते, एवढेच.

चतुष्पादांचेही असेच. संशोधकांनी या काळाला ‘अँथ्रोपॉज’ असे नाव दिले. आपण ‘मानवविराम’ म्हणू. ४३ जातींच्या सुमारे २,३०० सस्तन प्राण्यांच्या हालचाली तपासणारा मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. जेथे टाळेबंदी कडक होती, तेथे प्राण्यांची दहा दिवसांतली दूरची मजल ७३ टक्क्यांनी वाढली, आणि जनावरे रस्त्यांच्या सरासरी ३६ टक्के अधिक जवळ आली. आमच्या बोळातले मुंगूस या हिशेबात नसेल, पण त्याचे वागणे त्याला धरूनच होते.

ठाण्याच्या खाडीतल्या रोहित पक्ष्यांचे मात्र जपून सांगितले पाहिजे. एप्रिल २०२० मध्ये नवी मुंबईच्या पाणथळी गुलाबी झालेल्या सर्वांनी चित्रांत पाहिल्या. पण रोहित तेथे लाखांच्या संख्येने येऊ लागले होते ते आधीपासूनच; सांडपाण्यावर पोसणारे शेवाळ हे त्यांचे अन्न. २०१५ साली खाडीचा तो भाग अभयारण्य झाला आणि २०२२ साली रामसर यादीत गेला. टाळेबंदीने त्यांना निवांतपणा दिला असेल. त्यांना बोलावले मात्र तिने नव्हते.

शांततेची किंमत

येथपर्यंत लिहून थांबले असते तर लेख गोड झाला असता. पण भिवंडीत राहून तो तसा संपवता येत नाही. आमच्या गल्लीत जी शांतता होती, ती कोणाच्या तरी बुडालेल्या मजुरीची होती.

मागावरच्या कामगाराला बहुधा विणलेल्या कापडाच्या मापाने पैसे मिळतात. माग बंद म्हणजे मजुरी बंद. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून आलेली ही माणसे एकेका खोलीत आठ-दहा जण राहतात. पाळी बदलली की एक उठतो त्या जागेवर दुसरा निजतो. सगळे एकदम घरी बसले, तेव्हा निजायलाही जागा उरली नाही. खानावळी बंद. नाशिकच्या रस्त्याने डोक्यावर बोचके घेऊन चालत निघालेल्या रांगा आम्ही गच्चीवरून पाहिल्या. मेच्या पहिल्या आठवड्यात भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरला श्रमिक विशेष गाडी सुटली, तेव्हा तीत जागा मिळालेला माणूस नशीबवान समजला गेला.

आमच्या मागच्या कारखान्यात राहणारा एक वयस्क कामगार दुपारी पत्र्याच्या सावलीत बसे. आमच्याकडून डाळ-भात जाई, म्हणून बोलणे होई. तीसएक वर्षे मागावर. दोन्ही कान मंद झालेले. एके दिवशी त्या पत्र्यावर दयाळ ओरडत होता. त्याने मान वर केली, बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “बहनजी, ये तो दहियर है. हमारे गाँव में बहुत बोलता था.” मी विचारले, येथे कधी ऐकला होता का? तो हसला. “यहाँ? यहाँ तो पहली बार.” क्षणभर थांबून त्याने पुस्ती जोडली, “बोलता होगा. मशीन बंद हो तब ना.” आठवड्याने तो गेला. त्या गाडीने गेला की चालत गेला, ते कळले नाही. दयाळ पत्र्यावर गातच होता, आणि मला ते गाणे पूर्वीसारखे निर्भेळपणे ऐकता येईना.

आणि सगळी पाखरे सुखात होती असेही नाही. कल्याण नाक्यावरच्या हॉटेलांच्या उकिरड्यावर जगणारे कावळे आमच्या परसात येऊन एका पोळीसाठी रक्तबंबाळ होईतो भांडू लागले. पारव्यांना दाणे टाकणारे हात घरात कोंडले होते. कुत्री तर हाडांचे सापळे झाली. थायलंडमधील लोपबुरी गावात प्रवाशांच्या खाऊवर पोसलेल्या माकडांच्या टोळ्या भर रस्त्यात एकमेकींवर तुटून पडल्या. जपानात नाराच्या उद्यानातली हरणे खाण्याच्या शोधात बाजारपेठेत फिरू लागली. माणसाच्या ताटाशेजारी ज्यांचे ताट मांडलेले आहे, त्यांना माणूस गेला की उपासच. दयाळ-शिंप्याला आपला विराम हवा असतो, कावळा-कुत्र्याला आपली वर्दळ. निसर्ग म्हणजे कोणी एक गृहस्थ नव्हे, की त्याला एकच गोष्ट आवडावी.

तीन दिवसांचा विराम

आपल्याकडे विराम ही कल्पना नवी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण तालुक्यातील आचरे गावात ‘गावपळण’ नावाची प्रथा आहे. काही वर्षांच्या अंतराने, देवाचा कौल घेऊन, सारा गाव गुराढोरांसकट, कुत्र्या-कोंबड्यांसकट वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस, तीन रात्री राहुट्यांत राहतो. मागे गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. मग पुन्हा कौल घेऊन माणसे परततात. कोणी या प्रथेची सांगड भुताखेतांशी घालतात, कोणी म्हणतात की गावालाही विसावा हवा. मला तिच्यातला शहाणपणा वेगळाच वाटतो : तेथे सर्व जण एकत्र निघतात, शिदोरी बरोबर नेतात, आणि परत येण्याचा दिवस असतो. एकाच्या विश्रांतीसाठी दुसऱ्याची भाकरी जात नाही. २०२० चा विराम तसा नव्हता. म्हणून तो पुन्हा यावा असे मी पाखरांसाठीसुद्धा म्हणणार नाही.

पावसाळ्याच्या सुमारास भिवंडीतले माग थोडे थोडे सुरू झाले. आमचे वर्ग तेव्हा फोनवर चालत. एका सकाळी एका विद्यार्थ्याला मी प्रश्न विचारला. तो उत्तर देऊ लागला आणि त्याच्या आवाजामागून खडखडाट सुरू झाला. त्याचे वडील मागावर काम करतात, घर कारखान्याला लागूनच. चार महिने त्याच्या फोनमागे नुसती शांतता असे. तो ओशाळून म्हणाला, “सॉरी मॅडम, आवाज येतोय. बंद करू का फोन?” मी म्हटले, “नको रे. येऊ दे आवाज.” वर्गात कोणी काही बोलले नाही, पण त्या पोरांना त्या आवाजाचा अर्थ माझ्यापेक्षा अधिक कळत होता.

आणि दयाळ? तो गेला नाही. फक्त त्याची वेळ बदलली. आता तो पहाटे साडेतीन-चारला, रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात गातो. उजाडल्यावर वाहतूक सुरू झाली की आटोपते घेतो. शेफील्डच्या रॉबिनसारखी त्यानेही पाळी बदलून घेतली असावी. मागांचा आवाज पोटाचा आहे. त्याच्याशी त्याने तडजोड केली आहे, आपणही करावी. पण आपल्या गावांतला सगळाच आवाज पोटाचा असतो काय? सिग्नलला उभ्या गाडीचा हॉर्न कोणाचे पोट भरतो? वरातीतले डीजे आणि मध्यरात्रीची फटाक्यांची माळ कोणाच्या चुलीवर शिजते? हॉलंडमध्ये नववर्षाच्या मध्यरात्री रडारवर पाहिले, तर फटाके सुरू होताच हजारो पक्षी झोपेतून उठून अंधारात पाचशे मीटरपर्यंत वर गेल्याचे दिसले. आपल्या अंगणातल्या पिंपळावरही त्या रात्री काय होत असेल, याची कल्पना करायला रडार लागत नाही.

दिवाळीत आमचे बरेचसे माग चार दिवस थंडावतात, आणि या विरामात कोणाची उपासमार नसते. तेव्हा वाचकहो, यंदा फराळाच्या ताटाआधी एवढे करून पाहा : अभ्यंगस्नानाला उठालच, तर पणती लावून झाल्यावर पाच मिनिटे खिडकीत उभे राहा, आणि मुलांना पहिला फटाका उजाडेपर्यंत थांबवायला सांगा. कार्तिकात दयाळ फारसा गाणार नाही, त्याचा हंगाम चैत्राचा. पण बुलबुल बोलेल, शिंपी बोलेल, उंबर किंवा पिंपळ जवळ असेल तर तांबट ठेका धरील. मुलांना नावे सांगा. पक्ष्याचे नाव ठाऊक असलेले मूल त्याच्या झोपेची काळजी करायला आपणहून शिकते.